खडकतेलाची ढेप

‘तेल’ हा शब्द मूळचा तिळाचा. तिळातून निघते ते तेल. पुढे जवस, करडई, भुईमूग, एरंडी, करंज या सगळ्यांच्या स्नेहाला आपण तेच नाव देऊन टाकले. घाण्यावर दाणे गेले, की तेल घरी येई आणि मागे ढेप उरे. पुण्याकडची मंडळी तिला पेंड म्हणतात. आपण बाभुळगाव-यवतमाळकडची माणसे ढेपच म्हणतो. ही ढेप गुरांच्या गव्हाणीत जाई, एरंडीची असली तर शेतात खत म्हणून पडे. त्यामुळे घाण्याच्या व्यवहारात ‘उरलेल्याचं काय करायचं?’ हा प्रश्न कुणाला पडतच नसे.

मग साधारण दीडशे वर्षांपूर्वी आपल्या दिव्यात एक निराळेच तेल आले. ते कुठल्याही घाण्यावर गाळलेले नव्हते. त्यालाही ढेप होतीच. पण ती आपल्या गावात कधी आली नाही, म्हणून आपल्याला दिसलीही नाही. ती कुठे गेली, एवढाच आज बोलायचा विषय आहे. शाळेत विज्ञानाचे गुरुजी ‘प्रभाजी ऊर्ध्वपातन’ शिकवतात, त्या पाठाच्या शेजारी ही गोष्ट सांगता आली तर बरे, असे मला इतिहासाचा मास्तर या नात्याने वाटते.

या तेलाची आपल्याकडे तीन नावे. रॉकेल म्हणजे इंग्रजीतले ‘रॉक ऑइल’, खडकातले तेल. घासलेट हे ‘गॅस लाइट’चे आपण केलेले रूप. आणि हिंदीच्या शेजारामुळे आपल्याकडे रुळलेले मातीचं तेल. तिन्ही नावे एकाच वस्तूची. पेट्रोलियम या लॅटिन शब्दाचा अर्थही खडकतेल असाच आहे. म्हणजे गावच्या माणसाने भाषांतर बरोबर केले होते, त्याला लॅटिन येत नव्हते इतकेच.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात टायटसव्हिल नावाच्या गावी १८५९ साली एडविन ड्रेक याने सुमारे सत्तर फूट खोल भोक पाडून हे तेल वर काढले. आपल्या शेतातली एखादी विहीर याहून फार उथळ नसते बघा. त्याआधीही माणसाला खडकतेल ठाऊक होते. झऱ्यावर तवंग दिसे, लोक ते औषध म्हणून अंगाला चोळत. पण जमिनीत भोक पाडून मुद्दाम तेल काढायचे, ते तापवून त्यातला दिव्याजोगा भाग वेगळा करायचा आणि जगभर विकायचा, हा धंदा खरा वाढला तो ड्रेकच्या विहिरीनंतर.

आपल्याकडे मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचली. बाभुळगावच्या माणसाला या मोठ्या लाइनीवरचे जवळचे ठिकाण म्हणजे धामणगाव. रेल्वे कापूस घेऊन जाई आणि येताना ज्या अनेक वस्तू आणी, त्यांत हे तेल होते. पुढचा प्रवास बैलगाडीचा. अमेरिकेचे तेल येई, रशियातल्या बाकूचे येई, ब्रह्मदेशाचे येई. ते यायचे चार गॅलनच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात, म्हणजे सुमारे अठरा लिटर. तेल संपले तरी डबा संपत नसे. त्यात पाणी तापे, धान्य भरले जाई, तुळस लावली जाई, आणि अगदीच गंजला की पत्रा उलगडून कुडाच्या भोकाला ठोकला जाई. चिमणीची काजळी नाकात जाई, कंदिलाची काच रोज राखेने पुसावी लागे. पण जवसाच्या किंवा करंजाच्या तेलाच्या पणतीपेक्षा उजेड जास्त होता आणि पोरांना रात्री अक्षर दिसत होते. ते उपकार नाकारण्यात अर्थ नाही.

आता हे तेल निघते कसे, ते थोडे बघू. कच्चे खडकतेल हा एक पदार्थ नसून शेकडो पदार्थांचे मिश्रण असते. त्यात हलके असतात, जड असतात. हलके लवकर उकळतात, जड उशिरा. मोहाची भट्टी ज्यांनी पाहिली असेल (पाहिली असेल एवढेच म्हणतो, लावणे कायद्याने गुन्हा आहे) त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. खाली मडके तापते, वाफ वर जाते, थंड पाण्याच्या भांड्याला लागते आणि थेंब थेंब गळते. शुद्धीकरण कारखान्यातला मनोरा म्हणजे अशा अनेक भट्ट्या एकावर एक रचल्यासारखा. कच्चे तेल आधी पाण्याने धुऊन त्यातले मीठ काढतात, मग भट्टीतल्या नळ्यांतून सुमारे ३५० ते ३७० अंश सेल्सियसपर्यंत तापवून मनोऱ्याच्या पोटात सोडतात. मनोरा खाली तापलेला, वर थंड. आत ठरावीक अंतरावर भोके पाडलेल्या थाळ्या असतात. वाफ वर चढते आणि जिला जी थाळी मानवेल तिथे ती द्रव होऊन बसते. अगदी वर गॅस, त्याखाली पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल, आणि तळाला काळा दाट गाळ. तो गाळ पुन्हा कमी हवेच्या दाबाखाली तापवला की वंगणाचे तेल निघते आणि शेवटी डांबर उरते. यवतमाळ-धामणगाव रस्त्यावर जे काळे अंथरले आहे ते हेच.

फळ्यावर हे चित्र काढायला सोपे आणि मुलांना पाठ व्हायलाही सोपे. डाव्या बाजूने कच्चे तेल आत जाते, उजव्या बाजूने पाच-सहा नळ्या बाहेर येतात, प्रत्येक नळीला नाव. परीक्षेत पाच गुण. पण मीठ धुतलेले पाणी कुठल्या नळीने गेले? कच्च्या तेलात गंधक असते, ते कुठे गेले? टाक्या भरताना जी वाफ उडाली तिची नळी कुठे आहे? चित्रात ती नसते. खडकतेलाची खरी ढेप ती, आणि तिचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे.

पहिली ढेप कोणती होती सांगू? पेट्रोल. होय, ज्याच्या भावाने सरकारे हलतात ते पेट्रोल. १८६० आणि ७० च्या दशकांत दिवे होते, मोटारी नव्हत्या. लोकांना हवे होते रॉकेल; त्याच्यावरचा हलका भाग भडकून पेट घेई, म्हणून तो दिव्यात चालत नसे. कारखानदार मग तो नदीत सोडून देत. ओहायो प्रांतातल्या क्लीव्हलंड शहरी असे बरेच कारखाने होते आणि कायाहोगा नावाची नदी त्यांच्या हाताशी होती. नदीला आग लागते हे आपल्याला पुराणातले वाटेल, पण त्या नदीला अधूनमधून खरोखरच आगी लागल्या. पुढे तिच्यात इतर कारखान्यांचीही घाण मिसळली. १९६९ सालच्या आगीने तिचे नाव जगभर झाले. मधल्या काळात मोटारगाडी आली आणि कालची ढेप आजचे सोने झाली. इतकी, की १९१३ साली विल्यम बर्टन या रसायनज्ञाच्या पद्धतीने जड तेलाचे मोठे रेणू उष्णतेने आणि दाबाने फोडून त्यांचे पेट्रोल करण्याचे कारखाने निघाले. मागणी बदलली की ढेपही बदलते.

भारतात आसामच्या दिगबोई येथे १९०१ साली शुद्धीकरणाचा कारखाना निघाला. पण देशाची गरज मोठी आणि दिगबोई लहान, तेव्हा स्वातंत्र्य मिळाले तरी आपण बहुतेक तयार तेलच बाहेरून आणत होतो. तयार तेल महाग, कच्चे स्वस्त. शिवाय १९५१ साली इराणने आपला तेलाचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा केला आणि आबादानचा प्रचंड कारखाना बंद पडला, तेव्हा परदेशातल्या कारखान्यावर विसंबण्यातला धोका सगळ्यांनाच कळला. त्याच वर्षी भारत सरकारने स्टँडर्ड-व्हॅक्युम आणि बर्मा-शेल या कंपन्यांशी करार केले. मुंबईच्या तुर्भे बेटावर, म्हणजे आपण ज्याला ट्रॉम्बे म्हणतो तिथे, माहुल गावाच्या अंगाला १९५४ साली पहिला आणि १९५५ साली दुसरा कारखाना सुरू झाला. पहिला पुढे एस्सोचा झाला आणि १९७४ साली सरकारने घेतला, तो आजचा हिंदुस्तान पेट्रोलियम. दुसरा १९७६ साली घेतला, तो भारत पेट्रोलियम. जागा निवडली ती समुद्र पाहून. जहाजांना खोल पाणी हवे, मुंबईची बाजारपेठ जवळ हवी, आणि नकाशावर तो भाग शहराच्या टोकाला होता.

नकाशावर, असे मुद्दाम म्हणतो. कारण जागा मोकळी नव्हती. माहुल आणि तुर्भ्याला कोळ्यांची व आगऱ्यांची जुनी वस्ती होती, खाडीत होड्या होत्या, काठाला तिवरांची झाडी होती. जवळच्या चेंबूरला फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी बसली होती. सर्वस्व सोडून आलेल्या त्या माणसांच्या घरांजवळ काही वर्षांतच कारखान्यांची धुराडी उभी राहिली. मग १९५६ साली टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आले, साठच्या दशकात खताचा कारखाना आला. एकाची वाफ आणि वायू दुसऱ्याला उपयोगी पडत होता, तेव्हा हिशेबाच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच होते. चेंबूरच्या लोकांनी मात्र आपल्या उपनगराला ‘गॅस चेंबर’ म्हणायला सुरुवात केली. विनोद कडू आहे, पण माणूस श्वास घेता घेताच विनोद करतो.

आखाती देशांतल्या कच्च्या तेलात गंधक बरेच असते, शंभर भागांत दोन-अडीच भागांपर्यंतसुद्धा. मुंबईच्या समुद्रात १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजाने जे तेल शोधले, त्या बॉम्बे हायच्या तेलात ते फार कमी. गंधक जळले की त्याचा तिखट वायू होतो. तो डोळ्यांना झोंबतो, दमेकऱ्याची छाती धरतो, आणि हवेतल्या ओलाव्यात मिसळून आम्ल बनतो. हे आम्ल दगडही खाते.

दगडावरून मथुरेची गोष्ट सांगितली पाहिजे. मथुरेचा शुद्धीकरण कारखाना १९८२ साली चालू झाला, आणि तिथून फार लांब नसलेल्या आग्र्याच्या ताजमहालाचे काय होणार, याची चिंता त्याच्या आधीपासून देशभर होती. समित्या बसल्या, पाहण्या झाल्या. आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, जिला आपण ‘नीरी’ म्हणतो, तिथल्या हवेचा अभ्यास केला. १९९६ सालच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातल्या २९२ कारखान्यांना सांगितले, की कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर जागा सोडा. निकाल योग्यच होता. मात्र इतिहास शिकवणाऱ्याच्या मनात एक गोष्ट राहते. संगमरवराला खोकला येत नाही, तरी त्याचे गाऱ्हाणे १९९६ साली निकाली निघाले. माहुलच्या माणसांचे गाऱ्हाणे तेव्हा कुठल्याच यादीत वरच्या नंबरावर नव्हते.

ते गाऱ्हाणे वर यायला आणखी बरीच वर्षे गेली. मधे १९८८ सालच्या नोव्हेंबरात माहुलच्या कारखान्यात आग लागून तीसहून अधिक माणसे दगावली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने माहुल-आंबापाड्याच्या रहिवाशांच्या अर्जावर २०१५ साली निर्णय देऊन तिथली हवा आरोग्याला घातक असल्याचे मान्य केले. याच सुमारास मुंबईतल्या तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटवून तिथल्या हजारो कुटुंबांना घरे दिली गेली ती माहुललाच. घरे पक्की होती, सात मजली होती, पण लोक म्हणू लागले की इथे राहून आम्ही आजारी पडतो. २०१९ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की या कुटुंबांना तिथे राहायची सक्ती करू नका. दुसरीकडे घर द्या, नाहीतर भाड्यासाठी महिन्याला १५,००० रुपये द्या. २०२० च्या ऑगस्टात हरित न्यायाधिकरणाने दोन्ही तेल कंपन्या आणि टाक्यांचे साठे ठेवणाऱ्या दोन खाजगी कंपन्या मिळून २८६ कोटी रुपये भरपाई भरण्याचा आदेश दिला. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की मुख्य तक्रार धुराड्याच्या धुराची नव्हती. टाक्या भरताना, रिकाम्या करताना, जहाजातून माल उतरवताना जी वाफ उडते, तिची होती. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. तिच्यात बेंझिनसारखे पदार्थ असतात, आणि बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो हे वैद्यकाने सिद्ध केलेले आहे.

कारखान्यांत या काळात काहीच सुधारले नाही असे मात्र कुणी समजू नये. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या डिझेलमध्ये शंभर भागांत एक भागापर्यंत गंधक चालत असे. दहा लाखांत सांगायचे तर १०,००० भाग. १ एप्रिल २०२० पासून देशभर जे डिझेल मिळते त्यात दहा लाखांत १० भागांहून जास्त चालत नाही. हजारपटीने कमी! पेट्रोलमध्ये इंजिन ठोकू नये म्हणून शिसे घालत, तेही १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. ही साधी गोष्ट नव्हे. डिझेलवर हायड्रोजन वायू दाबाने सोडून त्यातले गंधक ओढून घेतात, आणि त्या गंधकयुक्त वायूपासून पुन्हा पिवळेधमक घन गंधक काढतात. जगात आज जे गंधक विकले जाते त्यातले बहुतेक असेच तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना निघालेले असते. त्यातले पुष्कळसे गंधकाम्ल होऊन खताच्या कारखान्यात जाते. सोयाबीनला गंधक लागते हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. म्हणजे जी ढेप कित्येक वर्षे चेंबूरच्या हवेत गेली, तिच्यासारखीच ढेप आता खताच्या पोत्यातून आपल्या वावरात येते. घाण्याचा न्याय थोडाफार परत आला म्हणायचा.

तरी सगळी ढेप अशी गोणीत भरता येत नाही. मनोऱ्यातून निघालेल्या तेलातला कार्बन शेवटी जळून आकाशातच जातो, मग तो मुंबईच्या टॅक्सीत जळो की बाभुळगावच्या ट्रॅक्टरमध्ये. आणि काही ढेप शेतात येते पण तिच्यावर तिचे नाव लिहिलेले नसते. फवारणीची पुष्कळशी औषधे ज्या द्रवात विरघळवलेली असतात तो द्रव खडकतेलातूनच काढलेला असतो, आणि तो कातडीतून आत शिरायला औषधाला मदत करतो. २०१७ सालच्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. विष कीटकनाशकाचे होते, त्याचा दोष तेलाला देता येणार नाही. पण बाटलीत दुसरे काय आहे, हे फवारणाऱ्याला कुणी सांगितलेले नसते.

गावाच्या बाजूनेही हिशेब मांडला पाहिजे, नाहीतर आपण अप्रामाणिक ठरू. मनोऱ्याच्या अगदी वरच्या नळीतला गॅस पूर्वी बराचसा धुराड्यावर जाळून टाकत. पन्नासच्या दशकात तो सिलिंडरमध्ये भरून मुंबईच्या घरांत जाऊ लागला. खेड्यातल्या गरीब घरांत तो मोठ्या प्रमाणावर यायला २०१६ ची उज्ज्वला योजना यावी लागली. ज्या बाईने तीस वर्षे पऱ्हाटीच्या काड्यांनी चूल पेटवली, तिला विचारा शुद्धीकरण कारखाना चांगला की वाईट. ती म्हणेल, सिलिंडरचा भाव तेवढा कमी करा. तिच्या स्वयंपाकघरातला धूर कमी झाला हे खरे, आणि माहुलच्या हवेत बेंझिन होते हेही खरे. ह्या दोन बायांची गाठ कधी पडत नाही.

असाच हिशेब कोकणात मांडला गेला. रत्नागिरी जिल्ह्यात नाणार येथे वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करण्याचा कारखाना ठरला होता. मुंबईचे दोन्ही कारखाने एकत्र केले तर साधारण सव्वादोन कोटी टनांच्या आत भरतात, यावरून आकार कळेल. आंबा, काजू आणि मासळी यांवर जगणाऱ्या गावांनी विरोध केला, आणि २०१९ साली ती जागा सोडून द्यावी लागली. मग राजापूरजवळच्या बारसूचे नाव निघाले. तिथल्या सड्यावर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. २०२३ सालच्या एप्रिलात माती तपासायला माणसे आली तेव्हा गावकरी, त्यांत बायका पुष्कळ, उन्हात सड्यावर आडव्या झाल्या. कुणी त्यांना विकासाचे शत्रू म्हटले, कुणी कोकणाचे राखणदार. मला वाटते त्यांनी माहुलचा इतिहास आपल्यापेक्षा नीट वाचला होता. कारखाना कुठेतरी हवाच, हे म्हणणाऱ्याचेही खोटे नाही. पण ‘कुठेतरी’ नावाचे गाव महसुली नकाशावर नसते.

आता शिक्षकांसाठी थोडे. हा पाठ शिकवताना कच्चे तेल उकळून दाखवायचा मोह कुणीही करू नये, ते जिवाशी येईल. त्यापेक्षा एक साधा प्रयोग आहे. टिपकागदाचे किंवा जुन्या वहीच्या कागदाचे चार तुकडे घ्यावेत. एकावर पेट्रोलचा, दुसऱ्यावर रॉकेलचा, तिसऱ्यावर डिझेलचा आणि चौथ्यावर इंजिन ऑइलचा एकेक थेंब टाकावा, आणि मुलांना घड्याळ लावून बसवावे. पेट्रोलचा डाग बघता बघता जाईल, रॉकेलचा रेंगाळेल, डिझेलचा दुसऱ्या दिवशीही दिसेल, इंजिन ऑइलचा तर कागद फाटेपर्यंत राहील. मनोऱ्यातली थाळ्यांची उतरंड मुलांना कागदावर दिसते. मग विचारावे, पेट्रोलचा थेंब गेला कुठे? मुले म्हणतील, वाळला. वाळला म्हणजे काय झाला, हे त्यांना नाकानेच शोधू द्यावे, पण दुरून. कागद नाकाशी धरू देऊ नये. माहुलच्या टाक्यांवरून उडते ती वाफ हीच, आणि ती वर्गात एका थेंबाची आहे. तेव्हा हा प्रयोग वऱ्हांड्यात, वाऱ्याच्या बाजूला करावा, चूल किंवा विडी जवळपास नसावी, हात साबणाने धुवावेत, आणि बाटलीत उरलेले पेट्रोल मोरीत न ओतता गाडीच्या टाकीत परत घालावे.